टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला तर काय कराल?

डिसेंबरातली सकाळ, सव्वासात वाजलेले. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीतून गाडी बाहेर काढली आणि डॅशबोर्डवर एक पिवळं चिन्ह पेटलं. घोड्याच्या नालेसारखा आकार, खाली दाते, मध्ये उद्गारचिन्ह. गाडी घेऊन पाच महिने झाले होते, पण हे चिन्ह मी पहिल्यांदाच पाहत होते. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, पेपर आणायला खाली आलेच होते. त्यांनी चपलेच्या टोकाने चारही टायरना एकेक ठोसा दिला आणि निकाल सांगितला, "हवा आहे गं. थंडीमुळे दाखवत असेल. जा तू."

मी गेले. सहाव्या दिवशी मुंबई हायवेला वाडीवऱ्ह्याच्या पुढे मागचा डावा टायर कायमचा गेला. साडेचार हजारांना पडलं ते "थंडीमुळे दाखवत असेल".

अण्णांची अर्धी गोष्ट बरोबर होती, तिकडे पुढे येतेच. त्या आठवड्यात मी ज्या ज्या ठिकाणी चुकले, तिथे तुम्ही चुकू नये म्हणून हे लिहिते आहे. पहिल्यांदाच असा दिवा असलेली गाडी घेतलेल्यांनी सलग वाचा. हायवेच्या कडेला उभं राहून वाचत असाल तर थेट पायरी २ वर जा.

गाडीत काय काय हवं

आधी सामान, कारण दिवा लागल्यावर ते शोधायला वेळ नसतो.

- हवा मोजायचा स्वतःचा गेज. पेनाएवढा डिजिटल गेज काही शेकड्यांत मिळतो. या यादीतली एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या.
- बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवेचा पंप.
- स्टेपनी, जॅक, व्हील पाना. अलॉय व्हीलला लॉक नट असेल तर त्याची चावी. ही चावी घरातल्या ड्रॉवरमध्ये राहते आणि गाडी कसाऱ्यात असते, असं होऊ देऊ नका.
- टॉर्च, जुने हातमोजे, लाल त्रिकोण.
- साबणाच्या पाण्याची स्प्रेची बाटली आणि खडू.
- गाडीचं मॅन्युअल आणि टायरचं बिल. टायरची वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते, पंक्चर आणि कापला जाण्याला नसते. तरी बिल ठेवा.

आत्ता उठून डिकी उघडा आणि स्टेपनी आहे का तेच बघून या. हसू नका. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये बदल झाला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर कारला स्टेपनी देण्याचं बंधन राहिलं नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांत चटईखाली चाकाऐवजी एक छोटा पंप आणि सीलंटची बाटली निघते. हे पार्किंगमध्ये कळलेलं बरं.

पायरी १ : दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?

गाडी सुरू केल्यावर सगळेच दिवे क्षणभर पेटतात, त्यात हाही पेटतो आणि विझतो. ते सोडून द्या.

पेटला आणि तसाच राहिला, तर एका किंवा जास्त टायरमध्ये हवा कमी आहे. मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड आहे, म्हणजे हवेबद्दल ती तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. अशा वेळी गेज लावून हवा बघा आणि पायरी १० वाचा.

पायरी २ : गाडी चालवताना लागला तर

कचकन ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा आणि अंदाज घ्या. गाडी एका बाजूला ओढते का? स्टिअरिंग जड लागतंय का? "थप् थप्" असा आवाज येतोय का? यातलं काहीही असेल तर पुढचा पेट्रोल पंप किती लांब आहे याचा हिशोब करत बसू नका. इंडिकेटर द्या, डावीकडे या, सपाट आणि रस्त्यापासून आत असलेली जागा बघून थांबा. हजार्ड लाइट लावा. उतरताना रहदारीच्या बाजूने उतरू नका.

असं काहीच जाणवत नसेल तर चाळीस-पन्नासच्या वेगाने जवळच्या पंपापर्यंत जाता येतं. शहरात पंप हाकेच्या अंतरावर असतो. घाटात मात्र वळणावर, पुलावर किंवा उतारावर थांबू नका. कसारा उतरायचा असेल आणि दिवा इगतपुरीच्या आधी लागला असेल, तर हवा बघितल्याशिवाय घाटात गाडी घालू नका.

राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ ही हेल्पलाइन आहे, जीवावरचं काही असेल तर ११२. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. त्या वेगात कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि शेवटी फाटते. सिन्नरजवळ समृद्धीवर चढायच्या आधी दिवा लागलेला असेल तर तो प्रश्न खालीच मिटवून वर चढा.

मी काय केलं? राजूर बहुल्याजवळ दिवा लागला. ठाण्याला मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं, उशीर झाला होता, गाडी सरळ चालली होती. म्हटलं, घोटीला भरू. वेग नव्वदचा नव्वदच ठेवला.

पायरी ३ : तुमच्या गाडीचा आकडा शोधा

ड्रायव्हरचा दरवाजा उघडलात की खांबावर एक स्टिकर दिसेल, काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. पुढच्या आणि मागच्या टायरला किती हवा, दोन माणसं असताना किती, गाडी भरलेली असताना किती, सगळं तिथे लिहिलेलं असतं. आकडा किलोपास्कलमध्ये असेल तर २२० म्हणजे साधारण ३२ पीएसआय, २३० म्हणजे ३३. बारमध्ये असेल तर १४.५ ने गुणा. पंपावर याच पीएसआयला सगळे "पॉइंट" म्हणतात.

टायरच्या बाजूवरही एक आकडा कोरलेला असतो, ४४ किंवा ५१ वगैरे. तो वाचून हवा भरू नका. तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा आकडा आहे, तुमच्या गाडीला किती लागते त्याचा नाही.

स्टिकरचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. पंपावर तोच दाखवायचा आहे.

पायरी ४ : मोजायची ती थंड टायरमध्ये

गाडी निदान तीन तास उभी असेल, किंवा जेमतेम दीडेक किलोमीटर चालली असेल, तरच टायर थंड धरायचा. स्टिकरवरचे आकडे थंड टायरचे असतात. हायवेवर तासभर चाललेल्या टायरमध्ये हवा चार-पाच पॉइंट जास्त दिसते, आणि ती जास्त दिसते म्हणून काढून टाकणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा परत लागतो तो त्यामुळेच.

डोळ्यांनी किंवा लाथेने हवा कळत नाही. जुन्या टायरांचं काय असेल ते असो, आताचा रेडियल टायर पूर्ण हवेतही खाली थोडा फुगलेलाच दिसतो. आठ पॉइंट हवा कमी असताना तो जसा दिसतो, तसाच भरलेला असतानाही दिसतो. आमच्या अण्णांनी आयुष्यभर गाड्या चालवल्या आणि त्या सकाळी त्यांनी ज्या टायरला सगळ्यात शेवटी ठोसा दिला, त्याच मागच्या डाव्या टायरमध्ये स्क्रू होता.

गेज लावायची पद्धत सोपी आहे. व्हॉल्व्हचं टोपण काढून खिशात टाका, जमिनीवर ठेवलं की ते गडगडत चाकाखाली जातं. गेज सरळ आणि घट्ट दाबा. "फुस्स" होत राहिलं तर तिरका लागलाय, परत लावा. दोनदा मोजा.

पायरी ५ : थंडी की खिळा? चार आकडे शेजारी शेजारी लिहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि हीच मी केली नाही.

हवा गार झाली की आकसते. साधारण साडेपाच अंश सेल्सिअसला एक पीएसआय, एवढं गणित लक्षात ठेवा. नाशिकच्या थंडीत दुपार २८-३० अंशांची आणि पहाट दहाच्या आसपासची असते. निफाडकडे तर पारा त्याच्याही बराच खाली जातो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवायची वेळ येते. म्हणजे वीस अंशांचा फरक, म्हणजे साडेतीन पॉइंट. भर दुपारी ३३ भरलेला टायर पहाटे साडेएकोणतीसच्या आसपास दिसेल.

आता दिवा कधी लागतो ते बघा. अमेरिकेत २००७ पासून सगळ्या नव्या कारना ही यंत्रणा सक्तीची आहे आणि तिथल्या नियमात दिवा लागायची रेषा कंपनीने सांगितलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली आहे. ३३ चे २५ टक्के म्हणजे आठ पॉइंट. दिवा पंचविशीच्या आसपास लागणार. तुमच्या गाडीची रेषा थोडी वर असेलही. पण थंडीने गेले साडेतीन आणि लागतात आठ, तर उरलेले साडेचार कुठे गेले?

थंडी एकटी दिवा लावत नाही, ती आधीच उतरलेल्या टायरला उघडं पाडते. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पॉइंट हवा जातेच. दिवाळीला भरलेली हवा डिसेंबर अखेरपर्यंत बघितलीच नाही, तर तिकडून तीन-चार आणि थंडीचे साडेतीन मिळून दिवा लागू शकतो. अण्णांची अर्धी गोष्ट बरोबर होती म्हटलं, ती ही.

पण थंडी चारही चाकांना सारखीच लागते. म्हणून चार आकडे लिहायचे. मी ग्लोव्ह बॉक्समध्ये आता एक छोटी वही ठेवते आणि गाडीच्या आकाराचा चौकोन काढून चार कोपऱ्यांत आकडे टाकते. समजा असे आले :

पुढे डावा २८, पुढे उजवा २८, मागे डावा २७, मागे उजवा २८ – हवा भरा, कामाला जा. हे ऋतूचं काम.

पुढे डावा ३०, पुढे उजवा ३०, मागे डावा २३, मागे उजवा ३० – हा खिळा आहे. किंवा व्हॉल्व्ह गळतोय, किंवा रिमला पोचा आलाय. काहीही असो, नुसती हवा भरून हा प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो.

माझ्या वेळी पंपावरच्या मुलाने विचारलं, "पस्तीस करू का मॅडम चारही?" मी काचही खाली न करता मान हलवली. त्याने चारही पस्तीस केले. कोणत्या चाकात आधी किती होती ते त्याला माहीत होतं, मला नाही. त्या चौघांतला एक २२-२३ वर असणार आणि ती माहिती मी तिथेच पंपावर सोडून आले. तीन दिवसांनी दिवा परत लागला, परत पस्तीस. तिसऱ्यांदा लागला तो राजूर बहुल्याला.

दिवा आठवड्यात दुसऱ्यांदा लागला तर थंडीचं नाव घ्यायचं नाही. सरळ पंक्चरवाला गाठायचा.

पायरी ६ : हवा भरणं

पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, ती सुविधा देणं पंपाला बंधनकारक आहे. पेट्रोल घेतलं नाही तरी मागा. नायट्रोजनला मात्र पैसे पडतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन भरण्यात तोटा काहीच नाही, पण आत नायट्रोजन आहे म्हणून हायवेवर साधी हवा भरायला घाबरू नका. दोन्ही मिसळलेले चालतात.

पंपावर गेल्यावर :

खाली उतरा. गाडीत बसून हवा भरून घेऊ नका. प्रत्येक चाकाला आधी किती होती ते विचारा आणि लिहा. डिजिटल मशीन असेल तर पाइप लावल्यावर पहिला आकडा दिसतो तो हाच. फोनमधला स्टिकर दाखवून "पुढे तेहतीस, मागे तेहतीस" असं स्पष्ट सांगा, नाहीतर सरसकट पस्तीस होतात. भरून झाल्यावर आपल्या गेजने एकदा बघा, कारण पंपावरचा गेज दिवसभर जमिनीवर आपटत असतो. आणि टोपण लावून घ्या. टोपणाशिवाय व्हॉल्व्हमध्ये धूळ जाते आणि तीच पुढे गळतीचं कारण होते.

टायर गरम असताना भरणं भागच असेल तर स्टिकरच्या आकड्यापेक्षा तीन-चार पॉइंट जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी थंड टायरवर नीट करा.

सप्तशृंगी गडावर पाच माणसं आणि सामान घेऊन निघाला असाल तर भरलेल्या गाडीचा आकडा वापरा. तो बहुतेक मागच्या चाकांसाठी बराच जास्त असतो.

जाता जाता एक गंमत. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. घाट उतरून मुंबईला गेलात की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि गेजवर टायर सुमारे एक पॉइंट कमी दाखवतो. मुंबईच्या उकाड्याने तो भरूनही निघतो. तिकडच्या मेव्हण्याने "तुझ्या गाडीत एक पॉइंट कमी आहे" म्हटलं तर वाद घालू नका.

पायरी ७ : पंक्चरवाल्याकडे

जायच्या आधी घरीच एक प्रयोग करून बघा. संशयित टायरवर साबणाचं पाणी मारा. आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर, मग रिम आणि टायर मिळतात त्या कडेवर, मग नक्षीवर. गाडी हातभर पुढे घेऊन टायरची खालची बाजू वर आणा आणि तिथेही मारा. जिथे बारीक बुडबुडे येत राहतात तिथे खडूने गोल करा. खिळा दिसला तरी उपटू नका. तो स्वतःच भोक बुजवून बसलेला असतो, उपटलात की दहा मिनिटांत टायर बसतो.

माझं ऑफिस अंबड एमआयडीसीत आहे. तिकडच्या गल्ल्यांत रस्त्याच्या कडेला लोखंडी चुरा आणि स्क्रू पडलेले असतात. सातपूरलाही तेच. तिकडे रोज जाणाऱ्यांनी कडेला चिकटून गाडी लावायची सवय सोडा. मी सोडली.

दुकानात काय बघायचं :

भोक कुठे आहे? जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात आणि साधारण सहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर दुरुस्त होतं. टायरच्या बाजूला किंवा खांद्याला असेल तर नाही. "करून देतो, काही होत नाही" असं कोणी म्हटलं तरी करून घेऊ नका. चालताना तोच भाग सतत वाकतो, तिथे पट्टी टिकत नाही.

कोणती दुरुस्ती? बाहेरून भोकात रबराची स्ट्रिप घालतात ती पाच मिनिटांची आणि स्वस्त. शहरात फिरायला चालते. टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच लावतात ती महाग, पण पक्की. आतून बघितल्यामुळे टायरची खरी अवस्थाही कळते. तुम्ही आठवड्याला मुंबई-पुणे करत असाल तर दुसरीच करा.

टायर उतरवणार असतील तर आधी सांगा, "आत सेन्सर आहे." तुमच्या गाडीत असेल तर हं. सेन्सर व्हॉल्व्हच्या मागे रिमला बसवलेला असतो आणि टायर उचकटायची लोखंडी पट्टी चुकीच्या बाजूने घातली की तुटतो. किटमधलं सीलंट घातलं असेल तर तेही सांगा, नाहीतर टायर उघडताच तो चिकट द्रव त्याच्या अंगावर येतो आणि तुमच्या सेन्सरवरही बसलेला असतो.

आणि टायरजवळून हलू नका. टायर पाण्यात बुडवतो तेव्हा बुडबुडे तुमच्या डोळ्यांनी बघा, मोजा. हायवेच्या कडेला एकाची चार पंक्चरं "सापडल्याची" गोष्ट नाशिकमध्ये प्रत्येक घरात एक तरी आहे. चहा प्यायला जायचंच असेल तर पैसे दिल्यावर जा. सगळेच तसे नसतात. माझा टायर ज्याने उघडला, त्याला तो दुरुस्त करून देऊन माझ्याकडून दोनशे रुपये घेता आले असते.

त्याने टायर रिमवरून सोडवला, आडवा केला आणि आतून हात फिरवला. तळवा माझ्यापुढे धरला. काळी भुकटी, कोळशाच्या पुडीसारखी. "ताई, हे रबर आहे. हवा नसताना चाललाय हा." मग टॉर्च घेऊन आतल्या बाजूला गोल फिरलेला एक घासलेला पट्टा दाखवला. तिथे रबर झिजून आतले धागे दिसत होते. पंक्चर म्हणाल तर एक साधा स्क्रू, नक्षीच्या मधोमध, बाहेरून सहज दुरुस्त होणारा. पहिल्याच दिवशी आले असते तर काम स्ट्रिपवर भागलं असतं. बारा-पंधरा किलोमीटर नव्वदच्या वेगाने चालवल्यामुळे टायर भंगारात गेला.

तुमचा टायरही कमी हवेत चालला असेल तर उतरवून आतून बघितल्याशिवाय परत वापरू नका. बाहेरून तो ठीकच दिसतो.

नवा टायर घ्यावा लागला तर बाजूवर चार आकडी तारीख वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. दुकानात पडून असलेला जुना टायर सवलतीत गळ्यात मारतात. जुने टायर तपासताना नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेली नको. खाचेत तळाला बारीक उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला.

पायरी ८ : रीसेट, आणि त्यातला सापळा

दोन प्रकारच्या यंत्रणा असतात. डॅशबोर्डवर प्रत्येक चाकाचा आकडा दिसत असेल तर चाकांत सेन्सर आहेत. हवा भरून काही मिनिटं गाडी चालवली की दिवा आपोआप जातो.

आकडे दिसत नाहीत, नुसता दिवाच आहे, तर तुमच्या गाडीत बहुतेक चाकांत सेन्सर नाहीत. तिथली यंत्रणा एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेच्या, सेन्सरवरून चाकं किती वेगाने फिरतात ते बघते. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून इतरांपेक्षा जास्त वेळा फिरतं, आणि त्यावरून ती ओळखते. अशा गाडीत हवा भरल्यावर तिला "हे आता बरोबर आहे" असं सांगावं लागतं. एक बटण असतं किंवा स्क्रीनवरच्या मेनूत पर्याय असतो. नेमकी कृती मॅन्युअलमध्ये बघा.

सापळा असा की हवा न भरताच रीसेट दाबलं तरी दिवा जातो. यंत्रणा उतरलेल्या टायरलाच बरोबर समजते आणि गप्प बसते. आधी हवा, मग गेज, मग बटण. याच क्रमाने.

या प्रकारात दुसरीही एक उणीव आहे. चारही चाकांतली हवा सारखीच कमी झाली तर तुलना करायला काही उरत नाही आणि दिवा लागतच नाही. म्हणून दिवा नाही म्हणजे हवा आहे, असं धरून चालू नका.

पायरी ९ : रस्त्यात चाक बदलायची वेळ आली तर

जागा सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा. त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा. माणसांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करा.

नट जॅक लावायच्या आधी सैल करा. चाक हवेत असताना जोर लावला की ते फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. पान्यावर हाताने जोर पुरत नसेल तर पाय वापरा, मी तेच केलं. जॅकची जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते, दुसरीकडे लावलात तर पत्रा आत जातो. नट परत बसवताना एकाआड एक समोरासमोरचे घट्ट करा, आणि शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर लावा. पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा परत आवळून घ्या.

स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते. ती पाळा आणि तिच्यावर पंक्चरवाल्यापर्यंतच जा, ठाण्यापर्यंत नाही. सीलंट किटच्या बाटलीवरही वेगाची मर्यादा असते.

माझ्या स्टेपनीत त्या दिवशी १४ पॉइंट हवा होती. गाडी घेतल्यापासून तिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. डोहाळजेवणाची ओटी भरून झाली तेव्हा मी वाडीवऱ्हे ते घोटीच्या मध्ये, बारा व्होल्टच्या पंपाची वायर डिकीपर्यंत पुरत नाही म्हणून स्टेपनी पुढच्या दारापर्यंत गडगडत आणत होते.

पायरी १० : सगळं केलं तरी दिवा जात नाही

एक, स्टेपनीत सेन्सर नसेल तर ती लावलेली असेपर्यंत दिवा राहतो. ठीक आहे.

दोन, चाकांची अदलाबदल केली असेल तर सेन्सरच्या गाडीला कोणतं चाक कुठे गेलं ते शिकवावं लागतं. नाहीतर पुढचा उजवा कमी दाखवते आणि कमी असतो मागचा डावा. वर्कशॉपमध्ये करून मिळतं.

तीन, सेन्सरची बॅटरी. ती पाच ते दहा वर्षं चालते आणि बहुतेक वेळा बदलता येत नाही, पूर्ण सेन्सरच बदलतात. जुनी गाडी घेतली असेल आणि दिवा लुकलुकत असेल तर हेच आधी तपासा. विकणारा "तो दिवा असाच असतो" म्हणाला तर किंमत कमी करा.

पायरी ११ : महिन्यातून एकदा

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, चहाच्या आधी. चार टायर आणि पाचवी स्टेपनी. स्टेपनीत दोन-तीन पॉइंट जास्तच ठेवा, गरजेला काढता येतात, भरायला जागा नसते. ऑक्टोबरचा उकाडा सरून थंडी पडायला लागली की एक फेरी जादा, आणि मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे गेला की आणखी एक. थंडीत भरलेली हवा तेव्हा जास्त दिसते, ती थंड टायरवर मोजूनच कमी करा.

वहीतलं या महिन्याचं पान : ३२, ३३, ३३, ३२, स्टेपनी ३५. आकडे मी वाचते, लिहितात अण्णा. लिहिण्याआधी प्रत्येक टायरला एक ठोसा देतात आणि स्वतःचा अंदाज सांगतात. आजवर सगळ्यात जवळचा अंदाज सहा पॉइंटने चुकला होता.